कालपासूनचा ताप

आमच्या घरात बाळंतिणीची वेगळी खोली नव्हती. एकच खोली होती. तिच्यात आडवी दोरी बांधून अव्वाचं, म्हणजे आईचं, जुनं इरकली लुगडं टाकलं, की पलीकडं बाळंतिणीची खोली आणि अलीकडं उरलेलं घर. उरलेल्या घरात चूल, पाण्याचे दोन रांजण, ज्वारीची कणगी, आजोबांची काठी आणि आम्ही तिघं. काठी मेंढरांमागची होती. मेंढरं आजोबांबरोबरच संपली, पण धनगराच्या घरात काठी दिसली नाही तर पाहुणे चौकशी करतात, म्हणून ती कोपऱ्यात उभी असायची. अप्पा, म्हणजे माझे वडील, दीड एकरात तूर पेरायचे आणि बाकीचे दिवस दुसऱ्याच्या रानात रोजानं जायचे. अव्वाही जायची. मी बसवकल्याणला कॉलेजात जाणारी, गल्लीतली पहिली मुलगी. या पहिलेपणाचा उपयोग एवढाच होता की गल्लीत कुणाकडं इंजेक्शनची चिठ्ठी, कोर्टाचा कागद किंवा हैदराबादहून आलेलं पत्र असलं की ते माझ्यापुढं यायचं, आणि मला कळलं नाही तरी कळल्यासारखं तोंड करावं लागायचं. ही सवय पुढं विद्यापीठात फार कामाला आली.

खटकचिंचोळीहून पुढं चारेक मैलांवर आमचं गाव. अक्का, माझी थोरली बहीण, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा तुरी काढणीला आल्या होत्या. दाजी हैदराबादेत बांधकामावर. तिकडं त्या दिवसांत रोज एक इमारत उठत होती आणि आमच्याकडून रोज एक माणूस. देश बदलायला लागलाय असं कॉलेजातले सर सांगत. आमच्या गावात बदल एवढाच झाला होता की किराणावाल्या सिद्रामण्णांच्या दुकानात फोन आला होता, आणि त्या फोनवर ओरडून बोललं तर हैदराबादेत ऐकू जायचं. न ओरडता बोललं तरी जातं हे सिद्रामण्णा सांगून थकले, पण एवढ्या लांबच्या माणसाशी हळू बोलणं कुणाला बरोबर वाटायचं नाही.

मुलगी झाली. सुईण आली, अव्वानं चुलीवर पाणी ठेवलं, मी आणि अप्पा बाहेर दगडावर बसलो, आणि दुपारच्या गिरणीची फट्फट् सुरू व्हायच्या आत लुगड्यामागून बाळाचा आवाज आला. अप्पांनी टोपी काढून पुन्हा घातली. त्यांचा आनंद एवढाच दिसायचा. नंतरचे चार दिवस माझ्या आयुष्यातल्या उत्तम दिवसांपैकी असावेत. घरभर ओव्याच्या आणि बाळंतशेपांच्या धुरीचा वास. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी. अक्काला कढत ज्वारीची भाकरी, लसणाची फोडणी घातलेलं पातळ वरण आणि वाटीभर शेपूची भाजी. डिंकाचे लाडू अव्वानं सात केले होते, आणि अक्का रोज अर्धा खाऊन अर्धा लुगड्याखालून माझ्याकडं सरकवायची. "खा गं सुमे, तू बी काय कमी बाळंत झालीस? परीक्षा देऊन देऊन वाळलीस," असं म्हणायची आणि हसताना पोट धरायची.

बाजाराच्या दिवशी अक्काला ताप आला. दिवस मला पक्का आठवतो, कारण मी बाजारातून तिच्यासाठी चार केळी आणली आणि तिनं ती खाल्ली नाहीत. अव्वा रानात गेली होती. मी तिच्या कपाळावर हात ठेवला.

"अक्के, अंग तापलंय तुझं."

"शेकाचं हाय ते. खाली इस्तू ठिवलाय, तापणार न्हाई तर काय?"

मी शेगडी ओढून बाजूला ठेवली. घटकाभरानं पुन्हा हात लावला. शेक नव्हता, ताप तेवढाच होता. अक्कानं माझं मनगट धरलं. "अव्वाला सांगू नको. बारशाला सासू येणार हाय. माहेरात नेऊन ताप आणला म्हणील. आठ दिवसाचा तर सवाल हाय. तवर उतरतंय की."

मी सांगितलं नाही. रोज अव्वा रानात गेली की ओल्या फडक्याची घडी अक्काच्या कपाळावर ठेवायची आणि ती यायच्या आत फडकं वाळत घालायचं, हे माझं काम झालं. अव्वा आली की शेगडी पुन्हा बाजेखाली जायची, आणि मग तापलेलं अंग शेकाच्या नावावर खपून जायचं. शेक बाळंतिणीच्या भल्यासाठी असतो. त्या आठवड्यात त्यानं आमची अब्रू सांभाळली.

सहाव्या दिवशी अक्काला थंडी वाजून तिचे दात वाजायला लागले आणि ते अव्वानं ऐकलं. तिनं माझ्याकडं पाहिलं, दोरीवर वाळत घातलेल्या फडक्याकडं पाहिलं, आणि अप्पांना म्हणाली, "तालुक्याला न्या. आताच."

आता इथं थांबून आमच्या गल्लीतली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी लहान असताना शेजारच्या घरातली बाई पोराला घेऊन सरकारी दवाखान्यात गेली होती. पोराला पाच दिवस ताप. तिनं खरं सांगितलं, पाच दिवस. तिथल्या नर्सबाईंनी सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "पाच दिवस काय मेंढरं राखत बसली होतीस?" रांग हसली. त्या बाईला मेंढरंही नव्हती; पाच दिवस ती साहुकाराच्या रानात खुरपत होती, कारण खाडा केला तर पुढच्या सोमवारी बोलावणं येत नाही. पण हे सांगायला रांगेत जागा नव्हती. ती परत येऊन एवढंच म्हणाली, "आता गेलं की कालपासून म्हणायचं." तेव्हापासून धनगरगल्लीतला प्रत्येक ताप कालचा. खोकला कालचा, जुलाब कालचे, पायातला काटा पिकून पाय सुजलेला असला तरी काटा कालचाच. आमच्याइतका ताजा आजार जिल्ह्यात दुसरीकडं मिळाला नसता. कुणी कुणाला शिकवलं नाही. चुलीपुढं बसायला जसं शिकतात तसं आम्ही हे शिकलो.

तालुक्याच्या दवाखान्यात अप्पांनी मला पुढं केलं. "तू शिकलेली हायस. तूच बोल." डॉक्टर तरुण होते, स्वभावानं बरे. समोर साठ-सत्तर माणसं उभी असताना जेवढं बरं असता येतं तेवढे बरे. त्यांनी कानडीत विचारलं, ताप कधीपासून. मी बसमध्ये वाक्य तयार केलं होतं: सहा दिवस, बाजाराच्या दिवसापासून, रोज दुपारी चढतो. वाक्य तोंडात होतं. मग टेबलाच्या कडेला उभ्या असलेल्या नर्सबाईंनी मान वर केली. त्या वेगळ्या नर्सबाई होत्या, मला ओळखतही नव्हत्या. त्यांनी फक्त मान वर केली.

"निन्नेयिंद," मी म्हणाले. कालपासून.

डॉक्टरांनी अक्काकडं पाहिलं. "होय का बाई?"

अक्कानं माझ्याकडं पाहिलं. सहा दिवसांची फडकी आम्हा दोघींनाच माहीत होती. "व्हय," ती म्हणाली.

डॉक्टरांनी केसपेपरवर 'ताप, एक दिवस' असं लिहिलं, सगळीकडं ताप चालू आहे म्हणाले, पांढऱ्या गोळ्या दिल्या आणि तीन दिवसांत उतरला नाही तर या असं सांगितलं. पोट दाबून पाहिलं नाही. एका दिवसाच्या तापाला कोण पोट दाबून पाहतं? बाहेर आल्यावर अप्पांचा चेहरा उजळला होता. स्टँडवर त्यांनी मिरचीची भजी घेतली, पावशेर. कुणी ओरडलं नव्हतं, ही आमच्यासाठी भजी घेण्यासारखीच गोष्ट होती. "डाक्टर चांगला हाय," अप्पा म्हणाले. अक्कानं एक भजं हातात धरलं आणि गाव येईपर्यंत तसंच धरून ठेवलं.

दोन दिवस गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी अक्का बाळाला माझ्या नावानं हाक मारायला लागली आणि मला ओळखेना. अप्पा सिद्रामण्णांच्या दुकानापुढं जाऊन नुसतेच उभे राहिले. सिद्रामण्णांचा टेम्पो तुरीची पोती घेऊन गुलबर्ग्याला डाळीच्या गिरणीवर निघाला होता. त्यांनी काही विचारलं नाही. चार पोती उतरवली, उरलेल्या पोत्यांवर वाकळ टाकली आणि अक्काला वर घेतलं. बाळाला अव्वाकडं ठेवून मी आणि अप्पा चढलो. टेम्पो सुटताना सिद्रामण्णा खालून म्हणाले, "दवाखान्यात खरं काय ते सांगा, बरं का. माझ्या सुनेला ताप आला तवा मी सगळं सांगितलं. आठ दिवस झाले म्हणून सांगितलं. डाक्टरनं खुर्ची दिली, बसा म्हणाला."

"व्हय अण्णा," अप्पा म्हणाले.

सिद्रामण्णा भला माणूस होता. बसवण्णांचं नाव घेणाऱ्या घरातला, आणि नाव नुसतं घेण्यापुरतं न ठेवणारा. पण खरं सांगितल्यावर खुर्ची मिळते हा त्यांचा अनुभव होता. खुर्ची आधी मिळते आणि खरं नंतर सांगता येतं, हे त्यांना दिसलं नाही. मलाही तेव्हा दिसलं नव्हतं. मी पोत्यांवर बसून अक्काचं डोकं मांडीवर घेतलं होतं, आणि तुरीचा फुफाटा तिच्या ओठांवर बसत होता तो पदरानं पुसत होते.

गुलबर्ग्याच्या दवाखान्याचं नाव मी सांगणार नाही. तिथली माणसं इतर ठिकाणच्या माणसांसारखीच होती. खिडकीतल्या माणसानं तालुक्याचा केसपेपर मागितला, वाचला, तारीख पाहिली, बोटावर मोजलं आणि नव्या कागदावर लिहिलं: ताप, तीन दिवस. मग बाकाकडं हात केला. बाकावर आमच्या आधी बारा-तेरा जण होते. अक्काला अप्पांनी भिंतीला टेकवून बसवलं.

मी अप्पांना म्हणाले, "अप्पा, आठ दिवस झालेत. मी जाऊन सांगते."

"काय आठ?"

"ताप. बाजारापासनं हाय. मला ठाव होतं."

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं, आणि मला वाटलं आता मारतील. त्यांनी मारलं नाही. माझा दंड धरला, हळूच. "गप ऱ्हा. तिथं एक सांगितलं, इथं आठ सांगायलीस. खोटारडे म्हणतील. हाकलून दिले तर कुठं न्यायचं हिला?"

हे त्यांचं बोलणं चुकीचं होतं असं मला आजही म्हणता येत नाही. आमच्या हातात जो कागद होता तो आमच्याच खोट्याचा होता, आणि त्या दवाखान्यात आत शिरायला तोच कागद लागत होता. मी बाकावर बसले. घड्याळ समोर होतं. दोन तासांत काटे फिरले ते सगळे पाहिले.

दुपारी एक डॉक्टरबाई वऱ्हांड्यातून घाईनं जात होत्या. त्या अक्कापाशी थांबल्या, का ते माहीत नाही. बहुधा तिचा रंग पाहून. कागद घेतला, तिच्या पोटावर हात दाबला. अक्का ओरडली नाही, नुसती कण्हली. बाईंनी कागद पुन्हा पाहिला.

"हा तीन दिवसांचा ताप नाही."

"नाही, मॅडम," मी म्हणाले. "आठ दिवसांचा आहे."

"मग हे कुणी लिहिलं?"

"लिहिलं त्यांनी. सांगितलं मी."

"का?"

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ओरडण्याला काय करायचं ते आम्हाला येत होतं. त्यांनी खरंच विचारलं होतं, आणि उत्तरासाठी त्या क्षणभर थांबल्या. मग त्यांनी स्ट्रेचर मागवलं, सलाईन लावलं, स्वतःच्या हातानं इंजेक्शन दिलं, सगळं केलं. संध्याकाळी जाताना अप्पांच्या खांद्याला हात लावून म्हणाल्या, "बाळंतपणातलं विष रक्तात गेलंय. परवा आणलं असतं तर." परवा आम्ही नेलं होतं. तालुक्याला नेलं होतं, आणि भजी खाऊन परत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का गेली.

त्या 'का'चं उत्तर द्यायला मला पुढची वीस वर्षं लागली. माझ्या विषयाचं अधिकृत नाव इतकं लांब आहे की ते दाराच्या पाटीवर दोन ओळींत येतं: समाजातल्या गटांमधली आरोग्याची विषमता आणि तिची सामाजिक कारणं. त्यावर मी पुस्तकं लिहिली, परदेशात बोलले, थंडगार सभागृहांत गळ्यात पट्टा अडकवून बसले. एका परिषदेत संयोजकांनी माझी ओळख 'तळागाळातून आलेल्या' अशी करून दिली आणि लगेच हातात शाल आणि नारळ दिला. श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर एका पाहुण्यांनी मागास समाजात आरोग्याविषयी जागृती कशी नाही, लोक उशिरा कसे येतात, हे पडद्यावर आलेखाचे रंगीत खांब दाखवून सांगितलं. सगळ्यात ठेंगणा खांब आजाराच्या कालावधीचा होता. आमच्यासारख्या लोकांचे आजार फार थोडे दिवस टिकतात असं त्यावरून दिसत होतं. मी प्रश्न विचारायला हात वर केला. चहाची वेळ झाली होती.

एक गोष्ट मात्र मी केली. माझ्याकडं घरोघर माहिती गोळा करायला येणाऱ्या मुलामुलींना मी 'कधीपासून' हा प्रश्न विचारू देत नाही. विचारा, गेल्या बाजाराला तुम्ही गेला होतात का? आणि त्याच्या आधीच्या? भाकऱ्या कुणी थापल्या? रानात शेवटचं कधी गेलात? मग खरे दिवस बाहेर येतात, एकेक. तरुण पोरं विचारतात, मॅडम, सरळ का नाही विचारायचं? मी म्हणते, सरळ विचारायला आपण सरळ असावं लागतं. त्यांना वाटतं मी काहीतरी खोल बोलले, आणि ते वहीत लिहून घेतात.

अक्काच्या कागदावर शेवटीही तीनच दिवस राहिले. चौथा धरला तर चार. मरणाचा दाखला देणाऱ्या कारकुनाला मी सांगितलं की आठ-नऊ हवेत. त्यानं चष्म्यावरून पाहिलं. "आता वाढवून काय करणार? केसपेपरला जुळलं पाहिजे." बारशासाठी आणलेली साखर तशीच राहिली. अक्काची सासू आली, आणि ज्या बोलण्याला भिऊन अक्कानं माझं मनगट धरलं होतं ते ती एकदाही बोलली नाही. ती बाळाला मांडीवर घेऊन नुसतं म्हणाली, "एवढं कसं झालं हो? किती दिवस व्हता ताप?"

"तीनच दिवस, विहीणबाई," अप्पा म्हणाले. "तीनच."

मला वाटलं नेहमीच्या सवयीनं बोलले. पण पुढं गल्लीत, पाहुण्यांत, हैदराबादहून धावत आलेल्या दाजींना, ते तसंच सांगत राहिले. नंतर नंतर त्यांना ते खरं वाटायला लागलं. तीन दिवसांच्या तापापुढं माणूस काय करणार, असं म्हणून त्यांना झोप लागायची. मला सगळं माहीत होतं. त्यांच्या शेवटच्या दिवसापर्यंत मी आठ हा आकडा त्यांच्यासमोर उच्चारला नाही. खऱ्यासाठी आयुष्य घालवणाऱ्या बाईनं घरात केलेलं हे काम, त्याचा उल्लेख माझ्या कुठल्याही परिचयपत्रात नाही.

मुलीचं नाव रेणुका. अव्वानं वाढवली, मग मी. ती आता पुण्यात नोकरी करते, भाड्याच्या घरात तिघींबरोबर राहते, आणि दर रविवारी फोन करते. गेल्या आठवड्यात फोनवर खोकला ऐकू आला. खोल, ओला खोकला. मला माझा आवाज वर जाताना जाणवला आणि तो वरच राहिला.

"कधीपासून आहे हा?"

"काही नाही गं मावशी. कालपासून."

तिला कुठल्याच रांगेत कुणी हसलेलं नाही. नोकरी आहे, कार्ड आहे, दवाखान्यात खुर्ची मिळते. तिला भीती वाटावी असं जगात एकच माणूस होतं, आणि ते फोनच्या या टोकाला उभं होतं, मान वर करून.

मी खाली बसले. श्वास घेतला. आवाज खाली आणला.

"रेणू," मी विचारलं, "मागच्या रविवारी भाजी आणायला कोण गेलं होतं?"

तिकडून पुन्हा खोकला आला.

"मी नव्हते गेले," ती म्हणाली.

"आणि त्याच्या आधीच्या?"